दुसऱ्या मजल्यावरचं हर्णै: एका खोलीच्या प्रकल्प नोंदी

खोली 11 बाय 10. इंदिरानगर, दुसरा मजला, खिडकी पश्चिमेला. खोली सासूबाईंची. त्यांचं माहेर हर्णै, कोकणातलं समुद्राकाठचं गाव. सासरे नोट प्रेसला लागले तेव्हा त्या नाशिकरोडला आल्या आणि इथल्याच झाल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून कोकणात जाणं बंदच आहे. म्हणून म्हटलं, आपण हर्णै इकडे आणू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर वर आहे, हवा कोरडी, धूळ भरपूर. कोरड्या हवेने आणि धुळीने पुढे मला कसं छळलं ते खाली आहे. बजेट 6,000 ठरवलं होतं.

13 एप्रिल 2024, शनिवार

खरेदी. 24 इंची गोल आरसा 1,150. पॉलिश केलेल्या मिश्र शिंपल्यांची एक किलोची पिशवी 650. ग्लू गन आणि दहा कांड्या 480. डोक्यातला बेत असा: आरशाभोवती शिंपल्यांची चौकट, दाराला शिंपल्यांचं तोरण, पलंगामागची भिंत निळसर, पांढरे पडदे. दोन रविवारांत काम संपवायचं.

त्याच दुकानात काचेच्या कपाटात पोवळ्याची फांदी होती आणि एका डबीत वाळवलेला समुद्रघोडा. दुकानदार म्हणाला, "ताई, शोभेला एक नंबर." पोवळं आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, काही मोठे शंखही त्यात आहेत. विकणारा अडकतो तसा घेणाराही अडकतो. नको म्हणून निघाले. तुम्हीही शिंपले विकत घेणार असाल तर मोठे, जाड, "दुर्मिळ" म्हणून दाखवले जाणारे शंख बाजूलाच ठेवा. साध्या शिंपल्यांनी काम भागतं.

14 एप्रिल, रविवार

पिशवी ताटात ओतली. त्यात अकरा कवड्या निघाल्या. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "त्या इकडे दे. कवड्या देवीच्या. आरशाला लावायच्या नाहीत." कवड्या देवघरात गेल्या. म्हणजे 650 च्या मालातला सगळ्यात देखणा भाग पहिल्याच तासात कमी झाला.

उरलेले शिंपले ग्लू गनने थेट आरशाच्या कडेवर चिकटवले. चार तास लागले. बोटाला दोन चटके. दिसायला झकास. फोटो काढून नणंदेला पाठवला. तो पाठवायला नको होता.

16 एप्रिल, मंगळवार

दुपारी चार वाजता पहिला शिंपला पडला. रात्री दोन. सकाळी उठून बघते तर सात जमिनीवर, आणि आरशाच्या कडेवर गोंदाचे सात चकचकीत ठिपके जसेच्या तसे. गोंद काचेला धरून होता, सुटले ते शिंपले.

कारणं दोन, दोन्ही माझीच. विकतच्या शिंपल्यांवर चकाकीसाठी काहीतरी लावलेलं असतं, त्या बुळबुळीत थरावर गोंद बसत नाही. आणि शिंपला वाकडा, काच सपाट, त्यामुळे दोघं एकमेकांना जेमतेम एका टोकाला टेकतात. वर पश्चिमेचं ऊन. एप्रिलमध्ये दुपारी त्या भिंतीला हात लावला तर भाकरीचा तवा आठवतो. गरम करून लावलेला गोंद उन्हाने पुन्हा मऊ होणारच.

उरलेले शिंपले हातानेच निघाले. एकालाही ओढावं लागलं नाही. 480 गेले.

20 एप्रिल, शनिवार

आज काम शून्य, पण प्रकल्पाची दिशाच बदलली, म्हणून नोंद.

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, "आई, हर्णैला तुमच्या घरी शिंपल्यांचं काय काय होतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की बटाट्याच्या सालींचं काय काय होतं.

"अगो, शिंपले उकिरड्यावर! ते घरात कोण लावतं? लहानपणी पाय कापायचे त्यांनी. चुनेवाले यायचे, पोती भरून न्यायचे आणि भट्टीत भाजायचे. त्याचाच चुना मग भिंतीला."

"म्हणजे शिंपले भिंतीवर होतेच की."

"होते. पण असे नाही," असं म्हणून त्यांनी शेंगेच्या टरफलाने आरशाकडे बोट केलं.

मग मी खरं घर विचारून घेतलं. जांभ्याच्या भिंती, आतून चुना, चुन्यात किंचित नीळ. जमीन सारवलेली. खुंटीला सुंभाची गुंडाळी. नांगर, जहाजाचं चाक, "बीच" लिहिलेली पाटी यातलं काहीही नाही. ते सगळं समुद्रावर सुट्टीला जाणाऱ्यांच्या घरात असतं, समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या नाही.

नवा बेत: भिंत चुन्याची, नीळ घालून. आरशाची चौकट सुंभाची, शिंपले थोडेच. आणि ते शिंपले विकतचे नकोत, आपण खाल्लेल्या तिसऱ्यांचे, म्हणजे कालवणात घालतात त्या छोट्या शिंपल्यांचे. शेवटची कल्पना माझी. सासूबाईंना ती अजूनही वेडगळ वाटते.

21 एप्रिल, रविवार

मासळी बाजारातून दोन वाटे तिसऱ्या, 200 रुपये. एकशिपी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिसरीची एक शिंपी काढून टाकायची, मांस लागलेली दुसरी तशीच कालवणात सोडायची. जेवताना ताटाच्या कडेला शिंपल्यांचा ढीग होतो. तो ढीग आणि आधी काढलेल्या शिंप्या मिळून 64 जमा झाल्या. नळाखाली धुतल्या आणि गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत घातल्या. वाटलं झालं.

23 एप्रिल, मंगळवार

काही झालं नव्हतं. गॅलरीत मुंग्यांची रांग, खालच्या मजल्यावरचं मांजर आमच्या कठड्यावर, आणि वास. शेजारच्या काकूंनी सभ्यपणे विचारलं, "तुमच्याकडे काही राहिलंय का बाहेर?"

एक शिंपी उन्हात धरून पाहिली. बाहेरून फिकट तपकिरी, वर बारीक आडव्या वळ्या. आतून पांढरी, गुळगुळीत, आणि दोन्ही बाजूंना एकेक गोल खूण. तिसरी जिथे आपलं कवाड आवळून धरते त्या स्नायूंच्या या जागा. नेमकं तिथेच नखाएवढं वाळलेलं मांस चिकटून होतं. चौसष्टच्या चौसष्ट शिंप्यांवर. धुताना ते दिसत नाही, कारण ओलं असताना ते शिंपीच्याच रंगाचं असतं.

24 आणि 25 एप्रिल

चूक क्रमांक तीन, आणि ही टाळता येण्यासारखी होती. कुठेतरी ऐकलं होतं की व्हिनेगरने शिंपले स्वच्छ होतात. अर्ध्या, म्हणजे 32 शिंप्या रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवल्या. बारीक बुडबुडे येताना पाहून मी खूश. सकाळी हातात आल्या त्या खडूसारख्या. वळ्या गेल्या, चमक गेली, कडा इतक्या पातळ की दोन बोटांत चुरल्या. शिंपला आणि चुनखडी एकच, आणि आम्लात चुनखडी विरघळते. आठवीतल्या लेकीने हे मला समीकरणासकट ऐकवलं.

उरलेल्या 32 वाचल्या, त्या अशा:
दहा मिनिटं पाण्यात उकळल्या. स्नायूचा तुकडा फुगून वर येतो, तो जुन्या टूथब्रशने आणि सुईच्या टोकाने काढला. मग एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी, त्यात दोन तास, खिडकी उघडी ठेवून. नंतर साध्या पाण्यात एक दिवस, मध्ये दोनदा पाणी बदलून. मग सावलीत वाळवणं. वास गेला तो गेलाच.

एक धोक्याची सूचना. त्याच बादलीत आधी व्हिनेगर होतं आणि मी ती न विसळताच ब्लीच ओतणार होते. नवऱ्याने हात धरला. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी वायू सुटतो. दोन्हींच्या बादल्या वेगळ्या ठेवा, आणि शक्यतो व्हिनेगर घरात चटणीपुरतंच ठेवा.

28 एप्रिल, रविवार

भद्रकालीतल्या रंगसामानाच्या दुकानातून कळीचा चुना, 10 किलो 200 रुपये. दुकानदाराला वाटलं झाडांच्या बुंध्यांना हवाय. भिंतीला म्हटल्यावर त्याने मान वर करून एकदा नीट पाहिलं.

चुना विझवायला नवी प्लास्टिकची बादली घेतली, 220 ची. आधी पाणी, मग एकेक खडा. पाचव्या-सहाव्या खड्यानंतर पाणी खदखदू लागलं, वाफ आली, आणि बादलीचं पोट एका बाजूला फुगलं. बादली वितळून फुटली नाही एवढंच नशीब. सगळं घाईघाईने जुन्या पत्र्याच्या डब्यात ओतलं. चुना विझवायचा तो पत्र्याच्या डब्यातच, लांब काठीने ढवळायचं, डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. मी गॉगल घातला होता तो लेकीच्या पोहण्याचा. हसा, पण त्यावर दोन शिंतोडे उडाले होते.

डबा झाकून ठेवला. चुना जितका मुरेल तितका मऊ होतो, पण माझ्याकडे सबुरी कमी.

1 मे, बुधवार

सुट्टी. भिंतीचा एक कोपरा धुऊन, पुसून, त्यावर चुन्याचा एक हात मारला. मूठभर मीठ आणि रात्रभर भिजवलेला डिंक त्यात घातला होता. संध्याकाळपर्यंत पांढरंशुभ्र. रात्री बोट लावलं तर बोट पांढरं. सकाळी पलंगाच्या कडेला पांढऱ्या पापुद्र्यांचा सडा.

ओळखीच्या पेंटरना बोलावलं. त्यांनी नखाने भिंत खरवडली आणि म्हणाले, "ताई, हा प्लास्टिक रंग आहे. ह्याच्यावर चुना धरणार नाही. चुन्याला भिंत प्यावी लागते. ही कशी पिणार?"

पूर्ण प्रकल्पातलं सगळ्यात महागडं वाक्य. आधी विचारलं असतं तर एक सुट्टी वाचली असती.

4 आणि 5 मे

भिंत खरवडली. पेंटर दोन दिवस, 900 रोजाने 1,800. वरचा रंग, त्याखालची पुट्टी, सगळं काढून सिमेंटच्या गिलाव्यापर्यंत गेलो. पेंटर म्हणाले पुट्टी ठेवू, मी नको म्हटलं. भेगा मात्र पांढऱ्या सिमेंटमध्ये थोडा चुना मिसळून भरल्या, 5 किलोची पिशवी 180. खोलीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढूनही धूळ स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पोचली. सासूबाई दोन रात्री हॉलमध्ये झोपल्या आणि त्यांनी ते दोन्ही दिवस मोजून दाखवले.

10 मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया, म्हणून मुहूर्त बरा. आमरस झाल्यावर संध्याकाळी सहाला सुरुवात केली, कारण दुपारी केलं तर चुना भिंतीवर टेकायच्या आत वाळतो आणि भुकटी होते. आधी भिंतीवर फवाऱ्याने पाणी मारलं. चुना गाळून दुधाइतका पातळ केला. लावताना तो जवळजवळ दिसतच नाही, भिंत नुसती ओली वाटते. इथे माणूस घाबरून जाड थर देतो. देऊ नका. वाळल्यावर पांढरा वर येतो.

दोन हात पांढरे झाले. तिसऱ्यात नीळ. घरात कपड्यांची बाटलीतली नीळ होती, संपत आली म्हणून नवी आणली, 75 ची. अर्धी ओतली. रंग सुरेख आला, पहाटेच्या आभाळासारखा.

12 मे, रविवार

पहाटेचं आभाळ दोन दिवसांत ढगाळलं. ठिकठिकाणी जांभळट करडे डाग, बाकी ठिकाणी रंग गायब. बाटलीतली नीळ कपड्यांसाठीचा विरघळणारा रंग आहे, चुन्याच्या दाहकतेपुढे तो टिकत नाही. पूर्वी भिंतीला घालत ती पुडीतली नीळ, न विरघळणारी बारीक पूड. ती चुन्यात वर्षानुवर्षं टिकते. पुन्हा भद्रकाली. दोन मोठ्या पुड्या 90.

सासूबाईंनी कापडाच्या तुकड्यात पूड बांधली, पुरचुंडी केली आणि ती चुन्याच्या पाण्यात फिरवून पिळली. थेट टाकली तर गुठळ्या राहतात आणि ब्रश फिरला की निळा ओरखडा उमटतो. पाच लिटरला सपाट एक चमचा. त्या म्हणाल्या, "कमी वाटली पाहिजे, तेव्हा बरोबर." मी अर्धा चमचा वाढवणार होते. त्यांनी डब्यावर झाकणच ठेवलं.

13 ते 15 मे

रोज संध्याकाळी एक हात, एकूण तीन. प्रत्येक हाताआधी फवारा. ब्रश आडवा आणि उभा, आलटून पालटून. चुन्यासाठीचे रुंद ब्रश दोन, 260. डिंकाचे 60 वर लिहायचे राहिले होते.

15 च्या रात्री भिंत ओली, गचाळ दिसत होती. 16 च्या सकाळी पडदा सारला आणि थबकले. निळी म्हणावी तर निळी नाही, पांढरी म्हणावी तर तीही नाही. बोट लावलं. बोट कोरडं. सासूबाई म्हणाल्या, "आता भिंत झाली." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

20 मे, सोमवार

लोकसभेचं मतदान. सकाळी सातला रांगेत उभं राहून आलो आणि उरलेला दिवस भोकं पाडण्यात घालवला. दरम्यान तिसऱ्या आणखी दोनदा झाल्या (1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून घाई), शिंप्या 150 च्या वर गेल्या. आता आमच्या घरी कोणी तिसऱ्यांचं नाव काढलं की लेक उठून जाते.

तोरणासाठी प्रत्येक शिंपीला एक भोक. पहिला प्रयत्न खिळा आणि हातोडी: दहापैकी सात फुटल्या. दुसरा प्रयत्न शेजारच्यांचं छोटं ड्रिल आणि लाकडासाठीचं पातं: सुटून बोटात घुसलं. तिसरा प्रयत्न जमला. काच-फरशीला वापरतात ती बारीक हिऱ्याच्या कणांची पाती, चार नगांचे 320. ताटलीत मुलांच्या खेळण्यातली माती, त्यात शिंपी पालथी दाबून बसवायची, वर बोटभर पाणी, भोक बिजागरीजवळच्या जाड जागी. ड्रिल दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. पाणी हवंच. एक तर पातं तापत नाही, आणि शिंपल्याची पूड हवेत उडून नाकात जात नाही. तरी मास्क लावा. विजेचं यंत्र आणि पाणी शेजारी आहे हे विसरू नका; माझं ड्रिल बॅटरीवरचं होतं म्हणून मी हे केलं, वायरवाल्याने करू नका.

दर शिंपीला साधारण दीड मिनिट. 90 भोकं, 9 फुटल्या. पाठीने संप केला.

26 मे, रविवार

सासूबाईंच्या भाच्याने दापोलीहून खासगी बसने पार्सल पाठवलं, भाडं 250. आत सुंभाचं मोठं बंडल, चार नारळ आणि जुनं जाळं. जाळं मी मागितलं होतं, भिंतीवर टांगायला. खोका उघडला आणि अख्ख्या जिन्याला कळलं काय आलंय.

साबणाच्या पाण्यात तीनदा बुडवलं. वास कमी झाला, संपला नाही. सासूबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या, जाळं मांडीवर घेतलं, फाटकी जागा शोधली आणि शिवायच्या दोऱ्याने विणायला लागल्या. वडिलांचं दुकान बंदरावर होतं, जाळी दुरुस्त करणाऱ्यांत बालपण गेलं. गाठ अशी पडायची की डोळ्यांनी पकडता येत नव्हती. मी तीनदा "परत दाखवा" म्हटलं.

जाळं पुरं झाल्यावर मी भिंतीवरचा खिळा दाखवला. "जाळं घरात कशाला टांगतेस? गच्चीवर तुझी कोथिंबीर कबुतरं खातात ना?" आता जाळं गच्चीवर, कुंड्यांच्या वर. कोथिंबीर वाचली आहे. प्रकल्पातली सर्वात उपयोगी वस्तू खोलीत नाहीच.

2 जून, रविवार

आरसा, फेरी दुसरी. सुतारकाकांकडून प्लायचं कडं कापून आणलं, 200. शिंपल्यांचा भार आता काचेवर नाही, कड्यावर. कड्याला सुंभ गुंडाळलं, वेटोळ्याला वेटोळं घट्ट लावून. साधारण 20 मीटर लागलं. सुंभाचे तूस सगळीकडे उडतात, मांडीला खाज सुटते, जुनी साडी पांघरून बसा.

शिंपल्यांची आतली कड 120 नंबरच्या पॉलिशपेपरने घासली, स्पिरिटने पुसली, आणि दोन नळ्यांचं इपॉक्सी लावलं. तीन जोड लागले, 540. एका वेळी सहा शिंपल्यांपुरतंच मिसळायचं. मी पहिल्यांदा अख्खा जोड मिसळला आणि तो वाटीतच दगड झाला. सुंभाचा फायदा असा की शिंपला त्यात किंचित रुततो, वाकड्या-सपाटाचं भांडण मिटतं. एकूण 26 शिंप्या, त्याही फक्त खालच्या डाव्या अंगाला, ओहोटीला राहतात तशा एका ओळीत. सगळीकडे लावण्याचा मोह झाला होता. एप्रिलमधला फोटो उघडून पाहिला आणि थांबले.

आडवा ठेवून 24 तास. उद्या टांगणार.

3 जून

आरसा कड्यासकट भरला 5 किलो. दोन रावळप्लग, पितळी हूक, 140. लोखंडी हूक घेतला नाही, कारण चुन्याच्या भिंतीवर गंजाचा ओघळ आला की तो निघत नाही. ड्रिल मारताना चुन्याचा रुपयाएवढा पापुद्रा निघाला. डब्यात उरलेला चुना बोटाने लावला. दुसऱ्या दिवशी जागा शोधून सापडेना. ही सोय प्लास्टिक रंगात नाही.

9 जून, रविवार

पडदे. दहीपुलाजवळून मांजरपाट, 12 मीटर, 80 ने 960. शिवणावळ 500. टांगले तेव्हा बरोबर जमिनीला टेकत होते. धूळ बसली म्हणून आज धुतले. आता जमिनीपासून चार बोटं वर आहेत, पाचवीतल्या मुलाच्या पँटसारखे. मांजरपाट शिवायच्या आधी भिजवून वाळवायचा असतो, हे मला माझ्या आईनेही सांगितलं होतं, सासूनेही आणि शिंप्यानेही. खाली सुंभाच्या रंगाची कापडी पट्टी जोडून वेळ मारून नेली. सगळ्यांना ती मुद्दाम लावलेली नक्षी वाटते. मी खुलासा करत नाही.

16 जून

रात्री खोली दवाखान्यासारखी दिसते अशी लेकीची तक्रार. खरंच होतं. पांढऱ्या थंड दिव्याखाली निळसर चुना आजारी दिसतो. 3000 केल्विनचे पिवळसर दिवे दोन, 260. पाच मिनिटांचं काम. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं, कारण भिंतीचा रंग मी दोन महिने चुकीच्या उजेडात ठरवत होते.

30 जून, रविवार

पावसाने दाखवलेल्या दोन गोष्टी. काचेच्या बरणीत किनाऱ्याची वाळू आणि चार शिंपले ठेवले होते (वाळू भाच्याच्याच खोक्यात तळाला सांडलेली, मूठभर). बरणी आतून धुरकट झाली, वाळूचा गोळा. वाळूतलं मीठ हवेतलं पाणी ओढतं. पाच पाण्यांनी धुऊन, तव्यावर भाजून परत भरली. आता ठीक आहे, पण बरणी मला मुळातच आवडत नव्हती.

दुसरं, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पाणी आत येतं, तिथला चुना ओला दिसतो. दोष चुन्याचा नाही, खिडकीच्या सांध्याचा. बाहेरून तो बुजवायला माणूस येणार आहे. तीन आठवडे येणारच आहे.

7 जुलै, रविवार

तोरण टांगलं. 81 शिंप्या, नऊ सरी, तंगूसवर (नायलॉनचा गुळगुळीत दोरा). तंगूसची गाठ सुटते, साधी दोन फेऱ्यांची गाठ तर हमखास. सासूबाईंची जाळ्यातली गाठ मारली, वर चटका देऊन टोक वितळवलं. प्रत्येक शिंपीखाली एक गाठ, म्हणजे त्या एकमेकींवर घसरत नाहीत. हे मला पहिली सर खाली आपटल्यावर कळलं.

हिशोब: आरसा 1,150, पिशवी 650, ग्लू गन 480, इपॉक्सी 540, चुना-पुडीतली नीळ-डिंक-ब्रश 610, बाटलीतली नीळ 75, मजुरी 1,800, पांढरं सिमेंट 180, मांजरपाट आणि शिवणावळ 1,460, पार्सल 250, पाती 320, प्लायचं कडं 200, दिवे 260, हूक 140, ब्लीच-व्हिनेगर 130, शहीद बादली 220. एकूण 8,465. तिसऱ्यांचे पैसे धरलेले नाहीत, त्या जेवणात गेल्या. यातले 1,425 सरळ पाण्यात: पिशवी, ग्लू गन, बाटली, बादली. पिशवीतले पॉलिश शिंपले अजून डब्यात पडून आहेत, कवडीमोलाने द्यायला तयार आहे. कवड्या मिळणार नाहीत.

वेळ: दोन रविवार म्हटलं होतं, बारा आठवडे लागले.

17 जुलै, बुधवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी खाताना सासूबाईंनी तक्रार नोंदवली. रात्री वारा आला की तोरण वाजतं, झोपमोड होते. मी म्हटलं, "आई, समुद्राजवळ आवाज नसायचा का?"

"असायचा. पण तो असा टकटक नसायचा गो."

तोरणाच्या सरी एकत्र करून रात्री दहाला रबरबँड, सकाळी चहानंतर काढायचं. कामाची वाटणी झाली आहे: लावणं माझ्याकडे, काढणं त्यांच्याकडे. आज दुपारी दोन वाजले तरी काढलेलं नव्हतं.